विल्यम मार्शल : पाच राजांची चाकरी केलेला सरदार

मॅग्ना कार्टा शिकवताना आपण सहसा एवढंच सांगतो, की एकीकडे जुलमी राजा जॉन आणि दुसरीकडे बॅरन, म्हणजे इंग्लंडचे सरदार-जहागीरदार. मुलं तेवढंच लिहून घेतात. पण विल्यम मार्शलचं आयुष्य सांगितलं, की राजा आणि सरदार यांचं नातं किती गुंतागुंतीचं होतं ते मुलांना पटकन कळतं.

विल्यमचा जन्म ११४७ च्या सुमाराचा. ११५२ मध्ये राजा स्टीफनने त्याच्या वडिलांच्या न्यूबरी येथील गढीला वेढा घातला. वडिलांनी मुदत मागितली आणि हमी म्हणून लहानग्या विल्यमला ओलीस दिलं. पुढे शब्द मोडून त्यांनी गढीत माणसं आणि धान्य भरून घेतलं. मुलगा गेला तर आणखी होतील, असं त्यांनी राजाला कळवलं म्हणतात! पण त्या पोराला फासावर चढवणं काही राजाला जमलं नाही.

धाकट्या मुलाच्या वाट्याला जमीन येणार नव्हती. विल्यमने नॉर्मंडीत शस्त्रविद्या शिकून स्पर्धांत नाव कमावलं. ११८९ मध्ये राजपुत्र रिचर्ड बापावर, दुसऱ्या हेन्रीवर, उलटला. विल्यम म्हाताऱ्या राजाच्या बाजूने उभा राहिला. रिचर्ड समोर आला तेव्हा त्याने रिचर्डला सोडून त्याचा घोडा मारला. काही आठवड्यांत रिचर्डच राजा झाला. त्याने शिक्षा तर केली नाहीच, उलट इझाबेल द क्लेअर या मोठ्या वारसदारणीशी विल्यमचं लग्न लावून दिलं. वेल्स आणि आयर्लंडमधली जहागीर अशी हाती आली.

पुढचा राजा जॉन संशयी. त्याने विल्यमचे दोन मुलगे ओलीस घेतले. जे बालपणी स्वतः सोसलं, तेच आता मुलांच्या वाट्याला! तरीही १२१५ मध्ये रनीमीड इथे विल्यम राजाच्याच बाजूला होता, आणि थोरला मुलगा बंडखोरांत.

ती सनद काही आठवड्यांतच पोपने रद्द केली आणि युद्ध पेटलं. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन वारला. वारस हेन्री अवघा ९ वर्षांचा, आणि फ्रान्सचा राजपुत्र लुई सैन्यासह इंग्लंडात. सत्तरीच्या घरातला विल्यम बालराजाचा कारभारी झाला. नोव्हेंबरमध्ये त्याने तीच सनद, कठोर कलमं वगळून, स्वतःच्या शिक्क्यानिशी पुन्हा जाहीर केली. बंडखोरांचं मुख्य गाऱ्हाणंच त्यामुळे कमी झालं. मे १२१७ मध्ये लिंकनच्या लढाईत तो स्वतः घोड्यावर होता. तह झाल्यावर सनद आणखी एकदा निघाली.

१४ मे १२१९ रोजी तो वारला. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याला पुरलं.

बंडखोरांनी दबावाने मिळवलेली सनद टिकली नाही. राजाच्या निष्ठावान माणसाने आपणहून दिली, तेव्हा ती रुजली. असं का झालं असेल? हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. घरीसुद्धा.