मेबॅकच्या पलीकडचे राजाराम महाराज

दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार आली, की सोने लुटायला जमलेल्या करवीरकरांच्या नजरा तिच्यावर खिळतात. मोटार साऱ्यांच्या ओळखीची. पण ती ज्यांच्या कारकिर्दीत करवीर संस्थानात आली, ते छत्रपती राजाराम महाराज मात्र आपल्या पित्याच्या, राजर्षी शाहू महाराजांच्या, कर्तृत्वाच्या सावलीत काहीसे झाकोळलेलेच राहिले.

त्यांचा जन्म ३१ जुलै १८९७ चा. काही शिक्षण इंग्लंडमध्ये झाले, तर अलाहाबादला त्यांनी शेतीशास्त्राचे धडे घेतले. १९१८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात त्यांची पत्नी म्हणून करवीरात आली. त्याच वर्षी धाकटे बंधू शिवाजी महाराज शिकारीतील अपघातात गेले. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले आणि पंचविशीही पुरी न झालेल्या राजाराम महाराजांवर संस्थानचा भार आला.

वाहनांचे वेड त्या काळच्या अनेक संस्थानिकांना होते. मेबॅकची गोष्ट मात्र निराळी होती. झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनविणाऱ्या या जर्मन कंपनीने, पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने विमानांच्या इंजिनांवर बंदी आल्यावर, मोटारींकडे मोर्चा वळविला. इंजिन व सांगाडा ती द्यायची. वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीनुसार दुसरे कारागीर घडवीत. अशा मोटारीचा डॅशबोर्ड म्हणजे घड्याळजीचेच काम. गिअरबॉक्सपासून आलेली लवचिक तार चुंबक फिरवते, ते धातूची वाटी आपल्याबरोबर ओढू पाहते, बारीक स्प्रिंग तिला अडवते आणि या ओढाताणीतून काटा वेग दाखवितो. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. तिकडे कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात हौशी तरुण जुन्या फोर्ड मोटारी सोलून त्यांवर बाजारात मिळणारी स्टुअर्ट-वॉर्नरची मीटर बसवीत होते. राजाची मोटार असो की मेकॅनिकची, वेग, तेलाचा दाब आणि इंजिनाचा ताप काट्यांनीच सांगायचा.

परंतु राजाराम महाराजांची कारकीर्द केवळ मोटारीच्या काट्यांवर मोजणे अन्यायाचे ठरेल. यंत्रयुगाकडे त्यांनी हौसेपुरते पाहिले नाही. त्यांच्या काळात कसबा बावड्याला साखर कारखाना उभा राहिला. १९३३ मध्ये प्रभात कंपनी पुण्याला गेली, तेव्हा दरबारच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन सुरू झाले आणि चित्रनगरीचा दिवा विझला नाही. १९३९ मध्ये उजळाईवाडीचा विमानतळ सुरू झाला. आज त्या विमानतळाला त्यांचेच नाव आहे.

२६ नोव्हेंबर १९४० रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुत्र नसल्याने गादीसाठी दत्तक घ्यावा लागला, आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थानही मुंबई प्रांतात विलीन झाले. अठरा वर्षांचा कारभार पित्याच्या युगप्रवर्तक कार्याशी तोलला, की तो नेहमीच हलका भरतो. पण सुधारणांचा वारसा सांभाळून शहराला साखर, सिनेमा आणि विमान देणाऱ्या राजाचे माप वेगळ्या तराजूत घ्यायला हवे. मिरवणुकीतील मोटारीला वाट करून देणाऱ्या गर्दीने तिच्या धन्याचेही एवढे ऋण मानावे.