फरच्या व्यापारातील एक कर्तबगार स्त्री : मादलेन लाफ्रांबुआज

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असा परिपाठ आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा लिहिण्यात काही उणे दिसले तर सांभाळून घ्यावे. माझी पुतणी अमेरिकेत मिशिगन राज्यात असते. तिच्याकडून मला मादलेन लाफ्रांबुआज ह्या बाईंची हकिकत कळली. त्या प्रांतात त्यांचे नाव मोठे आहे.

बाईंचे आयुष्य समजायचे तर आधी त्या वेळच्या व्यापाराविषयी थोडे सांगायला हवे. १६०८ साली फ्रेंच लोकांनी कॅनडात क्वेबेक हे ठाणे वसवले. त्यांना तेथून हवी होती ती मऊ केसांची कातडी, म्हणजे फर. त्यातही मागणी बीव्हरला. हा प्राणी ओढ्यानद्यांवर लाकडांचे बांध घालून राहतो. त्याची लव दाबून तिचा नमदा करीत आणि त्याच्या हॅटी युरोपातले श्रीमंत लोक मिरवीत. शिकार करीत ते तेथले मूळ रहिवासी. बदल्यात त्यांना पितळेची पातेली, कुऱ्हाडी, घोंगड्या, सुया, मणी आणि बंदुका मिळत. चुलीवर पितळेचे पातेले आले म्हणजे बाईमाणसाची केवढी सोय होते, हे आपल्याला सांगायला नको!

पण ह्या सोयीची किंमत फार पडली. माल हिवाळ्यापूर्वी उधार द्यायचा आणि वसंतात कातडी घेऊन वही फेडून घ्यायची, अशी रीत होती. वही कधी पुरती फिटत नसे. मालाबरोबर दारू आली, देवीची साथ आली. फरसाठी जमातीजमातींत लढाया झाल्या.

फ्रेंच व्यापारीही पहिल्यासारखे राहिले नाहीत. भूर्जाच्या सालीची हलकी होडी चालवणे, बर्फावरून जाळीचे जोडे घालून चालणे, हे सारे ते तेथल्या लोकांकडून शिकले. पुष्कळांनी तेथल्याच मुलींशी लग्ने केली. कातडी साफ करून कमावणे, जोडे शिवणे, दुभाष्याचे काम करणे, ही सर्व कामे त्या बायका करीत. शिवाय बायकोचे भाऊबंद तेच गिऱ्हाईक होत. सोयरीक झाली की व्यापार जमला! बायकांच्या कष्टावर हा सगळा डोलारा उभा होता, पण वहीत नावे मात्र पुरुषांची.

मादलेनबाईंचा जन्म अशाच घरात १७८० च्या सुमारास झाला. वडील मार्को हे फ्रेंच व्यापारी. आई ओडावा जमातीतली, एका नायकाची मुलगी. मुलगी तीन वर्षांची असताना, १७८३ साली, वडील व्यापाराच्या वाटेवर मारले गेले. आईने मुलांना घेऊन माहेरच्या माणसांचा आसरा धरला. त्यामुळे बाई ओडावा बोली बोलत आणि ओडावा पेहेराव करीत वाढल्या. चौदापंधरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न जोसेफ लाफ्रांबुआज ह्या फ्रेंच कॅनेडियन व्यापाऱ्याशी झाले, ते तिकडच्या देशरीतीने. ख्रिस्ती विधीने चर्चमध्ये लग्न लागले ते पुढे १८०४ साली.

दरवर्षी पतिपत्नी मॅकिनॉ बेटावरून माल भरून होड्यांनी निघत आणि ग्रँड नदीच्या खोऱ्यात हिवाळाभर ठाणे मांडून राहत. १८०६ सालच्या शरदात असेच जात असताना मुक्कामी एक जण दारू मागायला आला. जोसेफनी नाही म्हटले, आणि त्या माणसाने त्यांना ठार मारले. ज्या व्यापाराच्या वाटेवर वडील गेले, त्याच वाटेवर नवराही गेला. बाईंचे वय सव्वीसच्या आसपास, मांडीवर वर्षा-दीड वर्षाचा मुलगा!

कोणीही म्हणेल की आता ती परत फिरली असेल. बाई परत फिरल्या नाहीत. नवऱ्याचे दफन करून त्या तशाच पुढे ठाण्यावर गेल्या आणि हिवाळ्याचा सारा व्यवहार त्यांनी पुरा केला. जमातीच्या लोकांनी खुन्याला धरून बाईंपुढे उभे केले व त्याचा न्याय करण्यास सांगितले, तेव्हा बाईंनी त्याला देवावर सोपवून सोडून दिले, अशी आठवण तिकडे सांगतात.

पुढे दहाबारा वर्षे त्यांनी स्वतःच्या नावावर व्यापार केला. फ्रेंच, इंग्रजी, ओडावा अशा भाषा त्यांना येत. जमातीत त्या घरच्याच मानल्या जात. चांगल्या व्यापाऱ्याला वर्षाकाठी हजार डॉलर सुटत, तेथे बाईंना पाच ते दहा हजार सुटत असे म्हणतात. जॉन जेकब ॲस्टर ह्या धनाढ्याची अमेरिकन फर कंपनी इतरांना गिळीत चालली होती. तिच्यापुढेही त्या बराच काळ टिकल्या, आणि शेवटी तिच्याशी जुळवून घेऊन १८२२ च्या सुमारास धंद्यातून निवृत्त झाल्या. एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. त्या काळच्या चालीप्रमाणे त्यांच्या पदरी गुलाम माणसेही होती.

मुलीला, जोसेटला, त्यांनी मॉंट्रियलला शिकायला ठेवले. तिचे लग्न मॅकिनॉच्या किल्ल्यावरील कॅप्टन पियर्स ह्यांच्याशी झाले. त्यांचा भाऊ पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. लग्नात मोठमोठे गोरे अंमलदार होते, पण बाई व त्यांची बहीण तेरेज आपल्या ओडावा पोशाखातच आल्या. हे सुखही टिकले नाही. जोसेट १८२० साली वारली आणि नातीला आजीने वाढवले.

बाईंना लिहितावाचता येत नव्हते. चाळिशीच्या वयात त्या फ्रेंच वाचायला-लिहायला शिकल्या आणि मग बेटावरच्या मुलांना घरी बोलावून रोज शिकवू लागल्या. आपल्या घराशेजारची जागा त्यांनी सेंट ॲन चर्चला दिली. मागणी एकच केली, की आपल्याला वेदीखाली पुरावे. ४ एप्रिल १८४६ रोजी त्या वारल्या आणि तसेच केले गेले.

त्यांच्या डोळ्यांदेखत तो व्यापार ओसरला. बीव्हर मारून मारून संपत आले होते, आणि १८३० नंतर रेशमी हॅटी निघाल्या. १८३६ साली ओडावा व ओजिब्वे जमातींनी एका तहाने मिशिगनमधील एक कोटी एकरांहून अधिक जमीन सरकारला दिली. त्या तहात ३ लाख डॉलर व्यापाऱ्यांचे देणे फेडण्यासाठी काढून ठेवले होते. एका पिढीच्या पातेल्याघोंगड्यांची उधारी पुढच्या पिढीच्या जमिनीवर आली!

मादलेनबाई ह्या व्यापारावर मोठ्या झाल्या, आणि त्याच व्यापाराने त्यांचे पितृछत्र व कुंकू नेले. त्यांच्या आईची माणसे त्यात नागवली गेली. दोन्हीकडचे नाते असलेल्या ह्या बाईंनी कोणतेच नाते टाकले नाही. हाती पैसा आला तेव्हा त्यांनी तो व आपले उरलेले दिवस मुलांना अक्षरओळख करून देण्यात खर्च केले. आपल्या मंडळाच्या दुपारच्या साक्षरता वर्गाला यायला ज्यांना वयामुळे संकोच वाटतो, त्यांनी ही हकिकत जरूर ध्यानात ठेवावी.