निजामाच्या काळात फोटो ‘एडिट’ कसे व्हायचे? राजा दीनदयाळ आणि काचेवरच्या ‘रॉ’ फाईलची गोष्ट

हिंगोलीतल्या कुठल्याही फोटो स्टुडिओत लग्नसराईनंतर डोकावा. लग्न एका दिवसात उरकतं, पण फोटोवाला पुढचे कित्येक दिवस कॉम्प्युटरसमोरून हलत नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या रॉ फाईल तो एकेक करून उघडतो. मांडवाच्या पिवळ्या लाईटमुळे हळदीसारखे दिसणारे चेहरे सरळ करतो, काळवंडलेला कोपरा उजळतो, जळालेलं आकाश परत आणतो.

आपल्याला वाटतं हे सगळं फोटोशॉप आल्यापासून सुरू झालं. फोटोशॉप आलं 1990 मध्ये आणि लाइटरूम 2007 मध्ये. पण हिंगोली निजामाच्या राज्यात होती, तेव्हा त्याच राज्यात एक माणूस हाच उद्योग काच, पेन्सिल आणि ऊन वापरून करत होता.

त्यांचं नाव राजा दीनदयाळ.

आधी रॉ म्हणजे काय ते थोडक्यात बघू. आपला मोबाईल जो जेपेग फोटो देतो, तो शिजवून ताटात वाढलेला असतो. त्यात प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या फक्त 256 पायऱ्या असतात. चांगल्या कॅमेऱ्याच्या 14 बिट रॉ फाईलमध्ये त्या 16,384 असतात. म्हणून रॉ फोटो उघडल्यावर फिका दिसला तरी सावलीत लपलेला चेहरा त्यातून बाहेर काढता येतो. अशाच एका फाईल प्रकाराला अडोबी कंपनीने 2004 मध्ये डीएनजी, म्हणजे डिजिटल निगेटिव्ह असं नाव दिलं. नाव अगदी चपखल आहे, कारण जुन्या काळी रॉ फाईलचं काम निगेटिव्हच करायची.

दीनदयाळ यांचा जन्म 1844 चा, मेरठजवळच्या सरधना गावातल्या एका जैन कुटुंबातला. रूडकीच्या थॉमसन कॉलेजात ते इंजिनिअरिंग शिकले आणि 1866 मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम होतं नकाशे काढायचं आणि खर्चाचा अंदाज बांधायचा. फोटोग्राफी त्यांनी हातात घेतली 1874 च्या सुमारास, म्हणजे तिशीत. तीही छंद म्हणून.

हा छंद सोपा नव्हता. त्या काळी चालणाऱ्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. म्हणजे डार्करूमचा तंबू सोबत घेऊनच फिरायचं. पुढे तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि जीव थोडा हलका झाला. सर लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्यासोबत त्यांनी मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढले. ते 1886 मध्ये पुस्तकरूपाने आले आणि दीनदयाळ यांचं नाव झालं.

याच सुमारास हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबाराचे फोटोग्राफर नेमलं. 1886 मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ सुरू झाला. निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. फोटोग्राफरला चित्रकार म्हणणं हे निव्वळ कौतुक नव्हतं, हे पुढचं वाचलं की पटेल.

त्या काळच्या काचा निळ्या उजेडाला फारच हावरट होत्या. त्यामुळे निळं आकाश प्रिंटवर पांढरंफटक यायचं. लाल आणि तपकिरी रंग मात्र गडद उमटायचे. साहजिकच माणसाची त्वचा होती त्यापेक्षा काळी दिसायची, चेहऱ्यावरचे डाग उठून दिसायचे. मग मोठ्या स्टुडिओंमध्ये यावर वेगळा कारागीर बसायचा. तो निगेटिव्ह उजेडासमोर धरायचा आणि टोकदार पेन्सिलीने सुरकुतीवर बारीक ठिपके द्यायचा.

इथे गंमत लक्षात घ्या. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. तिथे पेन्सिलीने काळं केलं की प्रिंटवर तेवढी जागा उजळते. फार उजळ झालेली जागा गडद करायची, तर तिथला थर चाकूने हलकेच खरवडायचा. डागाळलेल्या आकाशावर सरळ रंग फासायचा, म्हणजे ते स्वच्छ पांढरं उमटतं. सावल्या खोल वाटल्या तर काचेच्या मागे पातळ कागद लावून तेवढ्याच भागावर उजेड अडवायचा. आज लाइटरूममध्ये शॅडोजची पट्टी सरकवतो, ते हेच काम. शेवटी अंड्याचा पांढरा बलक आणि चांदीचं रसायन लावलेला कागद निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवायचा. रंग मुरायला सोन्याचा क्षार वापरत.

फरक एवढाच, की लाइटरूम मूळ फाईलला हात लावत नाही. काच एकदा खरवडली की खरवडली.

दीनदयाळ यांच्याकडे कामाचा ओघ मोठा होता. 1892 मध्ये त्यांनी हैदराबादला पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका ब्रिटिश महिलेकडे सोपवला. 1896 मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाकडून फोटोग्राफर म्हणून सनद मिळाली. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, निजामाच्या शिकारी, मेजवान्या, लष्कर असं सगळं त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आलं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि इथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. शहरातली रिसाला, पलटण, तोफखाना ही नावं त्याच छावणीची.

पण मराठवाड्याच्या दृष्टीने त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम मेजवान्यांचं नाही. 1899-1900 मध्ये मोठा दुष्काळ पडला आणि दीनदयाळ यांच्या स्टुडिओने औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर भागातल्या मदतकार्याचे फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत बरगड्या मोजता येतील अशी माणसं आहेत. त्या फोटोचं शीर्षक त्या माणसांबद्दल नाही, खंगण्याच्या प्रकारांबद्दल आहे. जणू काही झाडांचे नमुने.

मला हा फोटो बघताना पेन्सिलीचं रिटचिंग किरकोळ वाटायला लागतं. कोण मदत करतंय हे दाखवायला फोटो काढले, की उपाशी माणूस आपोआप नमुना होतो. हे एडिटिंग काच धुण्याआधीच झालेलं असतं, आणि कुठलीही रॉ फाईल ते परत फिरवू शकत नाही. तरीही हे फोटो नसते, तर आपल्या खापरपणजोबांच्या दुष्काळाचे चेहरेच आपल्यापर्यंत आले नसते. दरबारी फोटोग्राफरने काढले म्हणून ते खोटे ठरत नाहीत. फक्त ते कुणासाठी काढले होते, हे माहीत असलेलं बरं.

दीनदयाळ यांची शेवटची वर्षं जड गेली. 1904 मध्ये मुलगा धरमचंद गेला आणि 5 जुलै 1905 ला मुंबईत स्वतः दीनदयाळ यांचं निधन झालं. त्यांच्यानंतर धंद्याला ती कळा राहिली नाही, पण काचा कुटुंबाने जपून ठेवल्या. 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यातल्या 2,857 निगेटिव्ह विकत घेतल्या. पुढे त्यांच्यावरून नवे प्रिंट निघाले, 2010 मध्ये प्रदर्शनही भरलं. म्हणजे सावली किती उजळायची आणि आकाश किती पांढरं ठेवायचं, हे शंभर वर्षांनंतर पुन्हा कुणीतरी बसून ठरवलं. या वेळी दीनदयाळ यांना विचारायची सोय नव्हती.