गाव्रिलो प्रिन्सिप

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे लॅटिन पुलाजवळ ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडणारा तरुण एवढीच गाव्रिलो प्रिन्सिप याची ओळख इतिहासाने जपली आहे. त्या क्षणापूर्वीचा प्रिन्सिप मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये.

पश्चिम बोस्नियातील ओब्ल्याय या खेड्यात १८९४ साली एका गरीब सर्ब शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. नऊ भावंडांपैकी सहा बालपणीच दगावली. तेराव्या वर्षी शिक्षणासाठी तो साराजेव्होला आला आणि दानिलो इलिच याच्या विधवा आईकडे भाड्याने राहिला. गॉर्की, अन्द्रेयेव आणि वाइल्ड यांचे लेखन आपल्या भाषेत आणणारा हा इलिच पुढे कटातील त्याचा सहकारी झाला. ‘तरुण बोस्निया’ हे नाव ज्यांना मिळाले ती मंडळी म्हणजे शिस्तबद्ध संघटना नव्हती. ती वाचणाऱ्या विद्यार्थ्यांची मंडळे होती. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारा इव्हो आंद्रिच त्यांच्यातलाच. प्रिन्सिपही कविता करी. पण त्याची खरी भूक वाचनाची होती.

१९१० साली बोग्दान झेराइच याने बोस्नियाच्या गव्हर्नरवर गोळ्या झाडल्या. त्या चुकल्या आणि त्याने स्वतःला संपविले. व्लादिमीर गाचिनोविच याने त्याच्यावर लिहिलेली पुस्तिका मात्र नेमकी लागली. प्रिन्सिप झेराइचच्या थडग्यापाशी जाऊ लागला.

१९१२ साली तो बेलग्रेडला गेला. बाल्कन युद्धात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदविण्यास गेला असता अंगाने किरकोळ म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. हा अपमान तो विसरला नाही. दोन वर्षांनी चार पिस्तुले व सहा बॉम्ब सर्बियातील गुप्त संघटनेच्या वर्तुळातूनच आले. त्यावरून साऱ्या कटाचे कर्तृत्व तेथील अधिकाऱ्यांना देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. ऐनवेळी इलिचचे मन डळमळले, प्रिन्सिपचे नाही.

खटल्यात त्याचे वय निर्णायक ठरले. वीस वर्षांखालील आरोपीला फाशी देता येत नसे, आणि त्याच्या जन्माच्या एका नोंदीत जून तर दुसरीत जुलै महिना होता. न्यायालयाने जुलै ग्राह्य धरला. इलिच १९१५ च्या फेब्रुवारीत फासावर गेला. प्रिन्सिपला वीस वर्षांची सक्तमजुरी झाली, त्यात दरमहा एक दिवस उपवास आणि दर २८ जूनला अंधारकोठडी.

तेरेझीनच्या तुरुंगात क्षयाने त्याची हाडे पोखरली, एक हात कापावा लागला. १९१६ साली भेटलेल्या मानसोपचारतज्ज्ञ पापेनहाइम यांच्या टिपणांनुसार एकांतवासात वाचायला काहीच नाही, हे दुःख त्याला सर्वांत असह्य होते. २८ एप्रिल १९१८ रोजी तो वारला. १९२० साली त्याचे अवशेष साराजेव्होला आणण्यात आले. १९३९ साली तेथील दफनभूमीत बांधलेल्या चॅपेलखाली झेराइचही त्याच्यासोबत आहे.