चांदीच्या तारांचे यंत्र

अर्नेस्ट लॉरेन्स यांचा जन्म १९०१ साली अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात झाला. अणुकणांना वेग देणारे सायक्लोट्रॉन हे यंत्र त्यांनी बनवले आणि त्यासाठी १९३९ चे नोबेल मिळवले. त्यांचे डॉक्टर बंधू जॉन या यंत्रातून तयार झालेला किरणोत्सारी फॉस्फरस रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊ लागले.

मग महायुद्ध आले. अणुबॉम्बला युरेनियम-२३५ हवे होते आणि नैसर्गिक युरेनियमच्या हजार अणूंत ते जेमतेम सात. बाकीच्या अणूंशी त्याचे रासायनिक गुण जुळतात. फरक फक्त वजनाचा. लॉरेन्स यांनी विद्युतभारित अणू चुंबकीय क्षेत्रातून वळवले. हलके अणू आतून वळतात, जड बाहेरून. या यंत्राचे नाव कॅल्युट्रॉन.

दुसरी पद्धत होती युरेनियमचा वायू सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून पुन्हा पुन्हा ढकलण्याची. पण टिकाऊ पडदा लवकर जमेना. घाई इतकी होती, की खर्चाचा विचार मागे पडला. ओक रिज येथे कॅल्युट्रॉनचा कारखाना उभा राहिला. तांब्याचा तुटवडा होता, म्हणून चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातून सुमारे १३ हजार टन चांदी उसनी आणली. कामाला सुमारे २२ हजार माणसे लागली. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचे युरेनियम शेवटी याच यंत्रांतून निघाले.

युद्ध संपताच हिशेब बदलला. कॅल्युट्रॉनला माल थोडा-थोडा भरावा लागे, यंत्रे वारंवार साफ करावी लागत. पडद्यांच्या कारखान्यात वायू अखंड वाहत राही, माणसेही कमी लागत. १९४६ अखेर कॅल्युट्रॉनमधील युरेनियमचे उत्पादन थांबले. पडद्यांची पद्धतही विजेच्या बाबतीत खादाडच होती. पुढे वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजने तो खर्च चाळीस-पन्नास पटींनी कमी केला आणि तिलाही मागे टाकले.

तरी काही कॅल्युट्रॉन चालू राहिले. टनावारी मालासाठी ते परवडत नव्हते, पण अनेक मूलद्रव्यांचे थोडेसे शुद्ध समस्थानिक हवे असेल तर त्यांना तोड नव्हती. त्यांनी वेगळे केलेले थॅलियम-२०३ सायक्लोट्रॉनमध्ये घालून थॅलियम-२०१ बनू लागले. हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचते का, हे पाहणाऱ्या स्कॅनसाठी डॉक्टरांनी ते वर्षानुवर्षे वापरले.

लॉरेन्स यांना मोठ्या आतड्याच्या जुन्या दाहाने ग्रासले होते. १९५८ मध्ये शस्त्रक्रियेनंतर, ५७ व्या वर्षी ते गेले. आपली दोन्ही यंत्रे हृदयरुग्णांच्या कामी आलेली त्यांनी पाहिली नाहीत.