जॉन पोस्टेल: चुकीचा मेलही वाचून घ्या म्हणणारा माणूस

फोनवर मराठी ईमेलचा विषय वाचताना मध्येच काळ्या शंकरपाळीत पांढरं प्रश्नचिन्ह दिसलंय कधी? मी एका ईमेल लायब्ररीतला पार्सर, म्हणजे आलेला मेल फोडून वाचणारा कोड, सांभाळतो. त्यामुळे जॉन पोस्टेल यांच्याशी माझं रोजचं भांडण. ते 1998 मध्येच गेले, तरीही.

त्यांचा जन्म 1943 चा, कॅलिफोर्नियातला. लांब दाढी, पायात सँडल. यूसीएलए विद्यापीठात शिकतानाच ते अर्पानेटच्या कामात शिरले. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात, त्या आरएफसींचं संपादन त्यांनी 1969 पासून शेवटपर्यंत केलं. ऑगस्ट 1982 मध्ये त्यांनी स्वतः आरएफसी 821 लिहिली. हीच एसएमटीपी. तिच्याच सुधारित रूपावर आजही एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जातो. पण तेव्हा अक्षरं फक्त 7 बिटांची, इंग्रजीपुरती. आपला 'क' त्यात बसतच नव्हता.

त्याआधी, 1980 मध्ये, टीसीपीच्या दस्तऐवजात त्यांनी एक तत्त्व घातलं होतं: पाठवताना काटेकोर राहायचं, घेताना समोरच्याचं थोडं चालवून घ्यायचं. वेगवेगळ्या बनावटीची यंत्रं एकमेकांशी बोलायची तर प्रत्येकाने अडून बसून कसं चालेल?

आता माझी अडचण बघा. इंग्रजीबाहेरची अक्षरं विषयात घालायची सोय नंतर आली. 1996 च्या नियमानुसार अशा मजकुराचा एक तुकडा जास्तीत जास्त 75 चिन्हांचा, आणि अक्षर मध्ये तोडायचं नाही. यूटीएफ-8 आणि बेस64 वापरलं तर एका तुकड्यात 45 बाइट मावतात. देवनागरीचं एक चिन्ह 3 बाइटचं, म्हणजे बरोबर 15 चिन्हं. पण मध्ये 1 बाइटची स्पेस आली की गणित फिसकटतं, आणि पाठवणारं आळशी सॉफ्टवेअर अक्षराचे सरळ दोन तुकडे करतं. माझा कोड प्रत्येक तुकडा वेगळा उलगडायचा, म्हणून ती शंकरपाळी! शेवटी मी आधी सगळे बाइट जोडून मग उलगडायला लागलो. पोस्टेल जिंकले.

दरवेळी नाही हं. एसएमटीपीत मेल कुठे संपला हे एकट्या टिंबाच्या ओळीवरून कळतं, आणि तिच्या आधी-नंतर सीआर-एलएफ ही जोडी लागते. काही सर्व्हर नुसता एलएफही चालवून घ्यायचे. डिसेंबर 2023 मध्ये उघड झालं की त्या सवलतीतून एका मेलच्या पोटात दुसरा खोटा मेल लपवता येतो. याला एसएमटीपी स्मगलिंग म्हणतात. त्यानंतर ओळीच्या शेवटाबाबत मी सगळी सवलत काढून टाकली. चार जणांचे मेल अडले, शिव्या खाल्ल्या, पण बदल मागे घेतला नाही.

16 ऑक्टोबर 1998 ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे पोस्टेल लॉस एंजेलिसमध्ये वारले. वय 55. त्यांचे मित्र व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला श्रद्धांजलीचा लेखही आरएफसी म्हणूनच निघाला, क्रमांक 2468.