डॉक्टरने काम बंद करायला सांगितलं, पण एर्जेने टिनटिनला हिमालयातून माघारी बोलावलं नाही

टिनटिनच्या कॉमिक्समध्ये काय असतं? तस्कर, हेर, पाठलाग आणि शेवटी गुन्हेगाराच्या हातात बेड्या.

पण याच मालिकेत एक पुस्तक असं आहे, ज्यात एकही व्हिलन नाही. आहे फक्त बर्फ, एक स्वप्न, हवेत तरंगणारा लामा आणि हरवलेला मित्र. ते पुस्तक म्हणजे टिनटिन इन तिबेट. ते काढताना त्याचा चित्रकार आतून पार कोलमडला होता.

हा चित्रकार म्हणजे एर्जे. खरं नाव जॉर्ज रेमी. जन्म २२ मे १९०७ चा, बेल्जियममधल्या ब्रुसेल्सचा. नावाची आद्याक्षरं उलटी केली की आर. जी. होतात. त्याचा फ्रेंच उच्चार एर्जे.

१० जानेवारी १९२९ ला एका कॅथलिक वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत त्याचा टिनटिन पहिल्यांदा झळकला. सुरुवातीचा हा टिनटिन आज वाचताना खटकतो. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होती आणि एर्जेने तिथल्या माणसांना बावळट दाखवलं होतं. तो स्वतः तिथे कधी गेलाच नव्हता.

गाडी रुळावर आली १९३४ मध्ये. चीनवरची गोष्ट काढायची होती, तेव्हा त्याची ओळख चँग चोंगरेनशी झाली. चँग ब्रुसेल्समध्ये कला शिकत होता. त्याने एर्जेला खरा चीन समजावून सांगितला, चित्रातल्या भिंतींवरची चिनी अक्षरंही लिहून दिली. एर्जेने या दोस्ताला चँग याच नावाने गोष्टीत आणलं. पुढे चँग मायदेशी परतला. मग युद्ध, क्रांती. दोघांचा संपर्क तुटला.

दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनीच्या ताब्यात गेला. एर्जे जर्मनांच्या नियंत्रणाखालच्या ल स्वार या दैनिकात टिनटिन काढत राहिला. १९४४ मध्ये देश मुक्त झाल्यावर त्याला अटक झाली. पुढे तो सुटला, १९४६ मध्ये टिनटिनचं साप्ताहिकही सुरू झालं. पण हा डाग काही पुसला गेला नाही.

१९५८ उजाडलं तोवर टिनटिन युरोपभर गाजत होता आणि एर्जेची मात्र झोप उडाली होती. १९३२ मध्ये जर्मेनशी त्याचं लग्न झालेलं. आता त्याच्याच स्टुडिओत रंगकाम करणाऱ्या फॅनीवर तो प्रेम करू लागला होता. कॅथलिक संस्कारात वाढलेल्या एर्जेला अपराधीपणा खात होता. रात्री भयानक स्वप्नं पडायची. त्या स्वप्नांत सगळं पांढरंशुभ्र असायचं.

तो झुरिकच्या एका मानसोपचार तज्ज्ञाकडे गेला. सल्ला मिळाला, काम थांबवा.

एर्जेने थांबवलं नाही. उलट तो पांढरा रंगच त्याने कागदावर उतरवला.

गोष्ट अशी आहे. नेपाळमध्ये विमान कोसळतं. सगळे प्रवासी गेले, असं मानलं जातं. त्यात चँगही होता. पण टिनटिनच्या स्वप्नात चँग बर्फातून हाक मारतो. एवढ्या भरवशावर टिनटिन दिल्ली, काठमांडू करत हिमालय चढू लागतो. वेडेपणा म्हणत म्हणत कॅप्टन हॅडॉकही मागे निघतो.

जसजसं वर जावं, तसतसं ओळखीचं जग मागे सुटतं. पानंच्या पानं बर्फ. मग मठ लागतो. तिथला एक लामा जमिनीवरून अधांतरी उठतो आणि डोळे मिटून चँगचा ठावठिकाणा सांगतो. सगळ्यात वर भेटतो यती. ज्याला सगळे राक्षस समजत होते, त्यानेच चँगला जगवलेलं असतं.

पुस्तक १९६० मध्ये आलं. त्याच वर्षी एर्जे जर्मेनपासून वेगळा झाला. घटस्फोट मात्र १९७७ मध्ये झाला आणि त्याच वर्षी त्याने फॅनीशी लग्न केलं.

आणि खरा चँग? तो १९८१ मध्ये भेटला. शिल्पकार झालेला चँग मार्चमध्ये ब्रुसेल्सला आला. ताटातुटीला पंचेचाळीसहून जास्त वर्षं उलटली होती. टिनटिनने चँगला शोधून काढलं, त्यालाही वीस वर्षं होऊन गेली होती.

एर्जे तेव्हा आजारी होता. ३ मार्च १९८३ ला तो गेला. पण त्याआधी दोस्ताची गळाभेट झाली होती.